ओठ उचलायचा नाही

नवीन जालन्यात उत्तमचंदजींचं साड्यांचं दुकान होतं, तेव्हा त्यांचा ओठाला ओठ लागत नसे. चाळीस वर्षं हा माणूस गादीवर मांडी घालून बोलत राहिला. घनसावंगीकडून कोणी लग्नाचा बस्ता बांधायला आलं, की आधी नवरीच्या मामापर्यंत सगळ्यांची विचारपूस व्हायची, मगच पहिली साडी उलगडायची. पुढे बायको, कंचनबाई, गेल्या, गुडघे थकले, दुकानात भाड्यानं मोबाईलवाला आला. आता वरच्या मजल्यावर उत्तमचंदजी एकटे. अख्ख्या दिवसाचं बोलणं म्हणजे दूधवाल्याला "अर्धा लिटर". बास.

मुलगा मयंक बंगळुरूला. उगाच त्याच्या नावानं बोटं मोडू नका, पोरगा वाईट नाही. दर रविवारी फोन करायचाच. "बाऊजी, तब्येत?" "ठीक." "जेवण?" "झालं." "बरं मंग, ठेवतो." इतक्यात रविवार उरकायचा.

पाच वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून त्यांचा समोरचा वरचा दात पडला होता. तिथं इम्प्लांट बसवलेलं. या श्रावणात दाढी करताना त्यांना दिसलं, की दातावरची हिरडी वर सरकलीय आणि आतल्या धातूची करडी कड उघडी पडलीय. डॉक्टर अरुंधती लेकीच्या वयाच्या, पण बोलायला रोखठोक. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "काका, हिरडी फार पातळ झाली. तोंडातल्या टाळूची नखाएवढी कातडी काढून इथं शिवावी लागेल. न्हाई केलं तर आतलं हाड झिजत जाईल, अन् दात जाईल. सोबत कोण येईल?"

"मुलगा आहे ना," उत्तमचंदजी म्हणाले.

आहे, पण बंगळुरूला. हे त्यांनी सांगितलं नाही.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी सगळं पथ्य समजावलं. मऊ आणि गार खायचं, बटाटा कुस्करून चालेल. बटाट्याला उत्तमचंदजी नुसते हसले. त्यांच्या जैन घरात चुलीवर कंदमूळ कधी चढलं नव्हतं. मग डॉक्टर म्हणाल्या, "एक गोष्ट बिलकुल विसरायची न्हाई. ओठ उचलून बघायचं न्हाई. आरशात न्हाई, अन् कोणाला दाखवायलाही न्हाई. तीन आठवडे. ओठ ओढला की टाके ओढले जातात, मंग नवी कातडी धरत न्हाई."

तोंडात कापूस दाबून ते ऑटोत एकटेच घरी आले. मुगाची खिचडी गार करून खाल्ली आणि टाके घातल्याचा मेसेज मयंकला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. वार मंगळवार. मयंक ऑफिसच्या गाडीत बसला होता, व्हिडिओ लावलेला. "बाऊजी, दाखवा बरं, काय केलं ते."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? दोन बोटांनी ओठ उचलला. मयंकचा चेहरा बारीक झाला. "बाप रे. लई दुखून राह्यलं का?" दुखतं का, असं त्यांना कंचनबाईंनंतर कोणी विचारलं नव्हतं. उत्तमचंदजींचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "न्हाई रे, काहीच न्हाई."

बुधवारी पुन्हा फोन. गुरुवारी पुन्हा. उत्तमचंदजी साडेसातलाच इस्त्रीचा सदरा घालून खिडकीपाशी खुर्ची ओढून बसू लागले, कारण तिथं उजेड चांगला. "थोडं अजून वर, बाऊजी, दिसून न्हाई राह्यलं." ते अजून थोडं वर उचलत. मग बोलणं भलतीकडेच जाई. मयंकच्या साहेबाची तऱ्हा, सूनबाईची नवी नोकरी, बंगळुरूतलं महागडं दूध. दहा-दहा मिनिटं. चौथ्या दिवशी जिभेला रक्ताची चव लागली. कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं.

शनिवारी त्यांनी मन घट्ट केलं. "आज न्हाई दाखवत. डॉक्टरांनी मना केलंय." मयंक म्हणाला, "अरे, मंग आधी सांगायचं ना. जपा बराबर. ठेवतो." अर्ध्या मिनिटात फोन बंद. रविवारी फोन आला नाही. आठवडाभर रोज बोलणं झालंच होतं, पोराला वाटलं असेल. सोमवारीही नाही. उत्तमचंदजी सदरा घालून नऊपर्यंत खुर्चीत बसले.

मंगळवारी आठ पाचला त्यांनीच फोन लावला. "दाखवू का?" त्यांनी विचारलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि आवाज असा की ऐकवत नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं. नव्या कातडीची एक बाजू सुटली होती. "काका, ओठ उचलला का?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई, मॅडम."

अरुंधतींचं तोंड उतरलं. "मंग माझाच टाका सैल राहिला असेल. माफ करा काका."

हे मात्र उत्तमचंदजींच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन खिचडी तशीच ठेवली. त्या पोरीचा टाका बिलकुल सैल नव्हता.

पर्युषण आलं, संवत्सरी झाली. जैन स्थानकात प्रतिक्रमण करून सगळ्यांनी हात जोडले, खमत खामणा, वर्षभरात कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा. मयंकचा मेसेज आला, फुलांचं चित्र आणि खाली क्षमायाचना. शंभर जणांना गेलेली, तीच बापाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमचंदजी दवाखान्याचा जिना चढले आणि डॉक्टरांपुढे हात जोडून उभे राहिले. अरुंधती जालन्याच्याच, त्यांना ही रीत ठाऊक होती. त्या हसून हात जोडणार, तोच ते म्हणाले, "मॅडम, मी खोटं बोल्लो. ओठ मी रोज उचलत होतो. तुमचा टाका बराबर होता. खमत खामणा."

"पण का, काका? कोणाला दाखवत होता?"

"मुलाला. फोनवर."

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच उत्तमचंदजींना जड गेलं. बराच वेळ त्या टेबलावरचा आरसा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर परत शिवू. पण ही शेवटची संधी समजा. टाळूतून पुन्हा पुन्हा कातडी काढता येत न्हाई. या वेळी ओठाला हात लावायचा न्हाई. वचन द्या."

त्यांनी वचन दिलं. मनापासून दिलं.

जिना उतरताना त्यांनी मयंकला फोन लावला. "परत करावं लागून राह्यलं. दिवाळीनंतर."

"अरे देवा. टेन्शन घेऊ नका बाऊजी. मी रोज फोन करीन, तुम्ही दाखवत जा."

खालच्या पायरीवर उत्तमचंदजी कठड्याला धरून थांबले. वर दवाखान्याच्या दाराशी त्यांच्या चपलांची धूळसुद्धा अजून तशीच असेल. नाही म्हणायचं होतं. ते तोंडात आलंही होतं.

"आठ पाचलाच कर," ते म्हणाले. "तेव्हा उजेड चांगला असतो."