आण्णांच्या पायाशी ठेवलेली बाटली

हे लिहायला बसलो आणि दोनदा वही मिटली. मी डॉक्टर नाही, नर्सिंग शिकणाराही नाही. नगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवय नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. माझ्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी लिहितो.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "इनकम्प्लीट स्पायनल कॉर्ड इंज्युरी आहे." मी मान हलवली. मला कळलं नाही हे त्यांनी ओळखलं असावं. मग सोपं करून सांगितलं. मणका मोडून आतल्या मज्जारज्जूला मार बसलाय, पण तो पूर्ण तुटलेला नाही. कमरेखाली जाण परत येईल की नाही, हे आज सांगता येणार नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, शेळ्यांसाठी कडुलिंबाचा पाला तोडताना झाडावरून पडले होते. आमचं गाव जामखेडजवळ. लोकांनी त्यांना उचललं आणि टेम्पोत बसवून दवाखान्यात आणलं. अशा माणसाला बसवायचं नसतं, फळीवर सरळ झोपवून आणायचं असतं. तिथं कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन झालं. शेळ्या टाकून आईला येता येईना. पहिल्या आठवड्यात पाहुणे आले, केळी ठेवून गेले. नंतर कुणी आलं नाही. आईचा फोन आला की मी "बरं हाय" म्हणायचो आणि जिन्यात जाऊन बसायचो.

सिस्टरांनी मला लॉग रोल शिकवला. ओंडका वळवतात तसं खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून दोघांनी मिळून कूस बदलायची. दर दोन तासांनी. नाहीतर एकाच जागी दाब पडून बेडसोर, म्हणजे जखमा होतात. समोरच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेले एक मामा होते. ते घड्याळ बघून ओरडायचे, "चला, भाकर परतायची येळ झाली! करपंल न्हाई तर."

आण्णा हसायचे. "परता रं बाबा. कच्ची हाय का भाजली, मला काय कळतंय."

एका संध्याकाळी त्यांच्या पायाला हात लावला तर पाय गारठलेले. आमच्याकडे काहीही झालं तरी पहिला उपाय म्हणजे शेक. मी कँटीनमधून गरम पाणी आणलं, बाटलीत भरून डाव्या टाचेशी ठेवलं आणि वर चादर घातली.

"आण्णा, बरं वाटतंय का?"

"व्हय. लई बरं."

मला इतका आनंद झाला की मी आईला फोन केला.

थोड्या वेळाने आण्णांचा डोळा लागला, तेव्हा सिस्टरांनी चादर उचलली. टाचेवर मोठा फोड आला होता.

"कुणी दिला शेक?"

"मी."

"अरे बाळा, ज्याला चटका कळत नाही त्याला शेक द्यायचा नसतो. विचारायचं तरी मला."

म्हणजे आण्णांना काहीच कळलं नव्हतं. माझं मन राखायला ते बरं म्हणाले होते. सिस्टर रागावल्या तेवढ्याच. मग ड्रेसिंग करता करता त्यांनी मला रोज टाचा, घोटे, माकडहाड कसं तपासायचं ते दाखवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आण्णांना मात्र मी सांगितलं, चादर घासून फोड आला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

घरी सोडल्यावर आई आणि चुलती त्यांची कूस बदलू लागल्या. परीक्षा होती म्हणून मी हॉस्टेलवर परतलो. खोलीतली मुलं चांगली आहेत, पण कूस म्हणजे काय, टाच म्हणजे काय, हे कुणाशी बोलणार? रोज फोनवर माझा एकच प्रश्न असायचा, जाण आली का? आईचं एकच उत्तर, "न्हाई अजून." टाच भरून आली, पण जाण आली नाही. हळूहळू मी विचारणं सोडलं. तुमच्यावर ही वेळ आली तर विचारणं सोडू नका.

परवा दुपारी लायब्ररीबाहेर आईचा फोन आला. तिला धाप लागली होती.

"आरं, तुज्या आण्णाच्या डाव्या पायाला मुंगळा चावला!"

"मग?"

"मग काय! असं वरडले, शेळ्या बुजल्या!"

मागून आण्णांचा आवाज आला. "त्याला म्हनावं, ये बाटली घिऊन. आता खरं काय ते सांगतो."