भुईला न लावलेले पाय

माझ्या पाठची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तिसऱ्या वेळी आई पालीच्या गणपतीला नवस बोलली: मुलगा जगू दे, त्याचं पहिलं पाऊल तुझ्या पायरीवर टेकवीन; तोवर त्याचा पाय भुईला लावणार नाही. मुलगा जगला. पण नवस फेडायला आईवडिलांनी जोडीने जायचं, आणि वडील मुंबईला पेढीवर. त्यांना रजा मिळे तेव्हा नेमका पावसाळा आडवा येई. देवाला घाई नव्हती, पेढीला तर त्याहून नव्हती.

तोवर हे महाराज दोन वर्षांचे झाले, तेही माझ्या कडेवर. मी नऊ वर्षांची. त्याच्या बरोबरीची पोरं अंगणात धावत, आणि हा माझ्या खांद्यावर लाळ गाळत बघत राही. न्हाऊ घालताना आई त्याचे काटकुळे पाय पुन्हा पुन्हा चोळी.

एकदा रेवदंड्याच्या खाडीवर मासळी सुकत घालणाऱ्या कोळणीने त्याचा पाय हातात धरला.

"अगो, पायाला भुई न्हाय लागली तं पोर चालंल कसा?"

मी नवस सांगितला. ती हसली.

"मंग पान्यात उभा कर. पानी काय भुई हाय?"

मला ते एकदम पटलं. रोज ओहोटीला मी त्याला बगलेत धरून पाण्यात सोडू लागले. आधी तो किंचाळला, मग पाय झाडू लागला. ते दिवस मला झोपेत पाहिल्यासारखे आठवतात: कोमट पाणी, डोळे मिटायला लावणारं ऊन, आणि पाण्याखाली हलणारे दोन गोरे पाय. मी रोज आदल्या दिवसापेक्षा थोड्या उथळ पाण्यात येई. आपण काय करतोय ते मला कळत होतं. एक दिवस त्याची बोटं वाळूत रुतली. तो दचकला आणि खिदळला. मी मात्र घाबरले. त्यानंतर तो नुसता शिंकला तरी वाटे, आता हा माझ्यामुळे जाणार. तरी मी त्याला पाण्यात न्यायची थांबले नाही. माझं बोट धरून तो पाण्यात चालू लागला.

शेवटी वडील आले आणि बैलगाडीने आम्ही पाली गाठली. आईने त्याला पायरीवर उभं केलं. त्याने तिचे हात सोडवले आणि दुडुदुडु पुढे निघाला. "पावला गं बाई देव!" म्हणत आई रडू लागली.

मी सवयीने धावले, उचलायला वाकले. त्याने मला ढकललं आणि मागे न बघता गाभाऱ्याकडे गेला.

इतके दिवस मी याचसाठी खपले होते, आणि तिथेच मला रडू फुटलं. पोरीची काय भक्ती, असं पुजारी वडिलांना म्हणाला.