लाल कोटाचा खिसा

काळेवाडीचे हिंदुराव टेलर एका बाबतीत भलते हट्टी. छातीवर खिसा नसेल तर तो कपडा पुरा झाला असं ते मानायचेच नाहीत. मानतील कसे? विट्याहून इकडे आले त्याला तीस वर्षं झाली आणि तीसही वर्षं माणसानं कंपन्यांचे युनिफॉर्मच शिवले. चाकणचे, भोसरीचे, निळे, करडे. डाव्या छातीवर पेनाचा खिसा आणि हात डोक्यावर नेला तरी काखेत उसवणार नाही असं माप. कामगार दुकानाची पायरी चढला की त्याच्या खांद्यांवरूनच ओळखायचे, हा प्रेसवर आहे की असेंब्लीला!

पण आता कंपन्या रेडिमेड युनिफॉर्म घ्यायला लागल्या होत्या. दुकानात उरली ती पँट आखूड करायची, चेन बदलायची कामं. बायको, कुसुमताई, रोज मागे लागायच्या, "अहो, शटर ओढा आता. माझ्या भावानं चाकणला वॉचमनची जागा बघून ठेवलीय."

वॉचमन! म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे युनिफॉर्म शिवून शेवटी दुसऱ्यानं शिवलेला युनिफॉर्म आपण अंगात घालायचा. हिंदुरावांच्या जिवाला ते फार लागायचं.

अशात एका शनिवारी दुकानात जेफ्रीसाहेब उगवला. चाकणच्या एका कंपनीतला इंग्रज इंजिनीअर, मशीनसारखाच लालबुंद आणि गरम झालेला. त्याच्या हातात एक लाल लोकरी कोट होता. हिंदुरावांची मुलगी स्वप्नाली हिंजवडीजवळ माणला आयटीत कामाला. तिला सुट्टी होती म्हणून बरं, नाहीतर दोघं नुसते हातवारे करत बसले असते.

"अण्णा, हे दर जूनमध्ये गावी जाऊन लढाई लढतात," तिनं सांगितलं. "दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनशी लढलेली इंग्रजांची एक पलटण होती. यांचा ग्रुप तसेच कपडे करतो, तंबू ठोकतो, बंदुकीत नुसती दारू भरून बार काढतो. कुणी मरत नाही."

"मग करत्यात कशाला?"

"हौस!"

हौस म्हटल्यावर हिंदुरावांना सगळं समजलं. साहेबाची अडचण तर न सांगताच दिसत होती. तीन वर्षं चाकणची मिसळ खाऊन कोटाची बटणं लागेनाशी झाली होती. नवं कापड त्यानं विलायतेहून मागवलं होतं. हुबेहूब असाच कोट हवा. पास झाला तर ग्रुपातल्या आणखी तेरा जणांचीही पोटाची हीच तक्रार होती.

हिंदुराव कुसुमताईंना म्हणाले, "हा कोट पास झाला तर दुकान ऱ्हाईल. न्हाई झाला, तर तुझ्या भावाला मी सोता फोन करतो."

आणि मग या शहाण्या माणसानं काय करावं? जुना कोट उलटापालटा करून बघितला. पाठ इतकी अरुंद की हात वर जाईना, छातीला खिसा नाही. "कुठल्या अडाण्यानं शिवलाय!" असं म्हणून त्यांनी सगळं दुरुस्त केलं. पाठ ऐसपैस केली, काख सैल केली आणि डाव्या छातीवर पेनाचा झकास खिसा लावला.

फोटो विलायतेला गेले. तिथं ग्रुपातल्या मार्गारेटबाई प्रत्येकाच्या कोटाचा टाका न् टाका तपासायच्या. दुसऱ्याच दिवशी निरोप आला: रिजेक्ट.

"अण्णा, शिपाई ताठ राहावा म्हणून पाठ मुद्दाम अरुंद ठेवायचे," स्वप्नाली हळूच म्हणाली. "आणि छातीवर खिसा नव्हताच हो. एकदा सुधारून दाखवा म्हणाल्यात. एकदाच."

त्या दिवशी हिंदुराव जेवले नाहीत. चूक परक्या कारागिराची नव्हती, आपली होती, हे त्यांना फार झोंबलं. सकाळी उसवायला बसले. पाठ आवळली. खिसा काढला, वाफ देऊन टाक्यांच्या खुणा घालवल्या. पण काढलेला तो लाल तुकडा काही टाकवेना. जेफ्रीसाहेबानं मोबाइलवर दाखवलेला पलटणीचा फोटो त्यांना आठवत होता. शेवटी कुणाला न सांगता त्यांनी तो तुकडा कोटाच्या आत, अस्तरावर शिवला.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. मार्गारेटबाईंनी पाठ बघितली, मान डोलावली. हातानं केलेली काजं बघून तर त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, कोट उलटा करा.

हिंदुरावांनी कोट हळूच उलटा केला. दारात कुसुमताई पदर चावत उभ्या होत्या.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

आता खोटं काय बोलायचं? "बाई, तुमची पलटण मी फोटोत बघितली. सगळी साठीची हाय. एकाच्याबी डोळ्याला चष्मा न्हाई आन् सगळेच डोळे बारीक करून बघत्यात. चष्मा ठेवत्यात कुठं?"

स्वप्नालीनं ते इंग्रजीत सांगितलं. आणि मग मार्गारेटबाई अशा हसत सुटल्या की त्यांचाच चष्मा नाकावरून घसरला. म्हणाल्या, "आजचा चष्मा लढाईत चालत नाही, म्हणून माझा नवरा गेल्या वर्षी ऐन लढाईत आपलाच समजून शत्रूच्या तंबूत जाऊन चहा पिऊन आला! उरलेले तेरा कोट तुम्हीच शिवा. खिसा आतून. बाहेर दिसला तर मात्र परत पाठवीन."

"तेरा?" कुसुमताई आत आल्या आणि बटणांचा डबा पुढ्यात ओढून बसल्या. "ह्यांच्या एकट्यानं व्हायचं न्हाई. आन् भावाला मीच सांगते, जागा दुसऱ्या कुणाला दे."

जूनमध्ये साहेबाचा व्हिडिओ आला. माळावर धूर, ढोल, लाल कोटांची रांग. एक स्वार कागद घेऊन आला. जेफ्रीसाहेबानं तो लांब धरला, जवळ धरला. मग सोबत्याच्या पाठीआड होऊन हात कोटात घातला, आतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि हुकूम वाचला.

पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला ढोसून हिंदुराव ओरडले, "बघितला का? खिसा! माझा हाय त्यो!"