उलटी नेसलेली होडी

एनिफा न्यालुग्वेची रांग फार लांब होती, हीच तिची चूक झाली.

नांजिरीच्या फुटबॉल मैदानावर होडी पक्ष जिल्हा परिषदेसाठी आपला उमेदवार निवडत होता. पद्धत साधी. इच्छुकांनी उभं राहायचं, ज्याला जो हवा त्याने त्याच्यामागे रांग लावायची, मग डोकी मोजायची. एनिफा इथली सध्याची सदस्य. तिला मुद्दामच अगदी कडेच्या गोलपोस्टपाशी उभं केलं होतं. तिच्यामागे अख्खा बाजार लोटला. रांग मैदान सोडून रस्त्यावर गेली आणि मक्याच्या गिरणीपर्यंत पोचली. तिकडे मैदानाच्या मधोमध ब्लँटायर शहरातून आलेला ठेकेदार ग्रेशम म्पोला उभा. त्याच्यामागची निम्मी माणसं त्याच्याच ट्रकमधून उतरलेली.

पक्षाचे विभागीय अध्यक्ष कामवेंडो यांनी कर्णा तोंडाला लावला. "निवड मैदानात आहे. मैदानाबाहेरची डोकी धरायची नाहीत."

"आमची डोकी नाहीत तर काय भोपळे आहेत?" टोमॅटोवाली फालेसी रस्त्यावरून किंचाळली.

पण ऐकतो कोण! ग्रेशम जिंकला. एनिफाने दुसऱ्या दिवशी अपक्ष म्हणून अर्ज भरला, चिन्ह मिळालं सूप, आणि पक्षाने तिला काढून टाकलं.

आता ही बाई पक्षात आली कधी, तर चालायला लागायच्याही आधी. तिच्या आईने तिला होडीच्याच चितेंजेत पाठीला बांधलं होतं. पक्षाचं छापील कापड, निळं, त्यावर होडी. सभेत आई नाचायची आणि पाठीवर ही झोपायची. मोठी झाली तसं तेच कापड कमरेला गुंडाळून ती स्वतः नाचू लागली. बाजारात मांदासी तळायची, नि गिऱ्हाइकाच्या हातात गरम भजं देता देता त्याला पक्षात ओढायची. होडी हरली त्या वर्षीही तिने ते कापड कधी पेटीत घातलं नाही. सदस्य झाल्यावर दोन हातपंप आणले, बाजाराला छप्पर आणलं, आणि श्रेय दरवेळी पक्षाला दिलं. सदस्यपद गेलं असतं तर तिने एक दिवस कढईशी आदळआपट केली असती, संपलं. पण 'तू आमची नाहीस' हे तिच्या काळजाला लागलं. डोळे पुसताना कुणी पाहिलं की म्हणायची, "धूर गेला गं."

प्रचार सुरू झाला तरी ती होडीचंच चितेंजे नेसून फिरायची. ते कामवेंडोंच्या डोळ्यात खुपलं. भर बाजारात गाडी उभी करून ते कर्ण्यावर गरजले, "त्या बाईच्या अंगावर आमची होडी दिसता कामा नये!"

एनिफाने झारा खाली ठेवला.

"दिसता कामा नये ना, बांबो?" तिने अदबीने विचारलं.

"अजिबात नाही!"

"बरं."

ती सुक्या मासळीच्या दुकानामागे गेली आणि परत आली ती तेच चितेंजे उलटं नेसून. पक्षाने कापड वाटलं होतं स्वस्तातलं, छपाई एकाच बाजूला. वरून नुसता फिकट निळा रंग. होडी आत, गायब!

फालेसीने टोमॅटो तसेच टाकले. "थांबा गं, मी पण आले!" बघता बघता होडी नेसलेल्या बायकांची दुकानामागे झुंबड उडाली. कामवेंडो कुणाला काय म्हणणार? दिसत तर काहीच नव्हतं.

तेव्हापासून नांजिरीत उलटं चितेंजे म्हणजे एनिफाचं माणूस. ग्रेशमने साखर वाटली, साबण वाटला. बायकांनी दोन्ही घेतलं, गोड चहा केला, स्वच्छ कपडे घातले आणि सुपावर मत दिलं. ग्रेशमला असा पाखडला की तो निकाल संपायच्या आत ट्रकमध्ये बसला. बायका सुपं बडवत, जिभा घोळवून कल्लोळ करत गिरणीपर्यंत नाचल्या, आणि एनिफा सगळ्यांच्या पुढे.

आणि मग खरी गंमत. परिषदेत होडी आणि नांगर या दोन्ही पक्षांचे सदस्य सारखे आले. मधे एकटी एनिफा. तिचा हात जिकडे वर होईल, तिकडे सत्ता.

नांगरवाले आधी आले. "मायी, आमच्याकडे या. अध्यक्षपद तुम्हाला."

"घे की गं!" फालेसीने तिला कोपर मारलं. "जिरव त्या कामवेंडोची."

एनिफा बराच वेळ कढईतलं भजं परतत राहिली. अध्यक्षाची खुर्ची कुणाला नको असते? शेवटी म्हणाली, "माझ्या आईने मला नांगराच्या कापडात नव्हतं बांधलं." पाहुण्यांना मांदासी खाऊ घातली आणि वाटेला लावलं.

मागोमाग कामवेंडो आले, नव्या कोऱ्या चितेंजेंचा गठ्ठा घेऊन. आवाजात मध. "मायी एनिफा, आपण तर एका घरचे. झालं गेलं विसरा."

"कर्णा आणलाय?"

"कर्णा? कशाला?"

"चला, दाखवते."

तिने त्यांना गोलपोस्टपाशी नेलं. बातमी आधीच पोचली होती. रांग लागलेलीच होती, मैदानातून रस्त्यावर, रस्त्यावरून गिरणीपर्यंत. एनिफा म्हणाली, "त्या दिवशी राहिली ती डोकी मोजा, बांबो. आणि सांगा."

कामवेंडो घाम पुसत रांगेच्या कडेने निघाले. प्रत्येक बाई आपलं डोकं पुढे करून त्यांना दाखवत होती. फालेसीने तर रुमाल सोडून दाखवलं, "नीट बघा, भोपळा नाही!" गिरणीपाशी पोचेपर्यंत त्यांचा सगळा ताठा उतरला होता. त्यांनी कर्णा उचलला. "रांग... रांग एनिफाची लांब होती. रस्त्यावरची माणसं पण आमचीच होती. चूक आमची."

असा जल्लोष झाला की गिरणीवाल्याने मशीन बंद केलं.

"मग मायी," कामवेंडो चाचरत म्हणाले, "मत आम्हाला ना?"

"मत तुमचंच होतं, बांबो. न मागता मिळालं असतं. मला फक्त माझी माणसं मोजून हवी होती."

कामवेंडोंनी गठ्ठ्यातलं एक चितेंजे पुढे केलं. "हे घ्या. आता तरी होडी नेसा."

एनिफाने आपल्या फिकट, उलट्या कापडावर हात फिरवला.

"नेसलेलीच आहे की! दिसता कामा नये म्हणालात, म्हणून तुम्हाला दिसत नव्हती. माझ्या अंगाला ती सगळा वेळ लागूनच होती."