पाय न पोचणारा डबा

"सलिमाभाभी, माझे पाय कुठायत?"

रेल्वेच्या जुन्या डब्यातल्या नव्याकोऱ्या गादीवर बसून अनुजानं विचारलं. सलिमानं वाकून बघितलं. पाय होते, पण जमिनीपासून चार बोटं वर, झोपाळ्यावर बसल्यासारखे हलत होते.

"हायत की. लोंबाया लागल्यात," सलिमा म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. मग तिची नजर बाकीच्या गाद्यांवर गेली. प्रश्न त्या एका गादीचा नव्हता. अख्ख्या डब्यात तिनं तशाच गाद्या बसवल्या होत्या.

सलिमाचं माहेर शिरोळचं, बाप ट्रॅक्टरचा मिस्त्री. लग्न करून ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आली. नवरा अमीन आणि सासरे ट्रक, जीप, ट्रॅक्टरच्या गाद्या भरायचे. अमीन अजून सगळ्यांना सांगतो, "हातावरची मेंदी वाळली नव्हती आणि ही म्हनती, ही शिवण कुनी घातलीया? वाकडी हाय!" शिवण सासऱ्यांनी घातलेली. सासरे पोट धरून हसले आणि मशीन सुनेच्या हवाली केलं. तेव्हापासून दुकानात आलेला ड्रायव्हर बाईला बघून दारातच थबकायचा.

"मालक कुठायत?"

"मालक च्या आनाया गेल्यात. तुम्ही बोला, पावणं."

अशी ही सलिमा. रेल्वेनं काढून टाकलेल्या डब्यांची सहलीची गाडी होणार, कोल्हापुरातून निघून पंचगंगा ओलांडत उसाच्या फडांमधून जयसिंगपूरला जाऊन येणार, हे कळल्यावर ती सरळ रेल्वेच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. डब्यांची नवी मांडणी करायला पुण्याहून आलेल्या अनुजाला म्हणाली, "मॅडम, ट्रकात झोपनाऱ्याला आम्ही झोप दिलीया. तुमच्या गाडीला बी देतो." अनुजानं सहलीची गाडी काढणाऱ्या कंपनीशी भांडून तिला नमुन्याचा एक डबा मिळवून दिला. तो पसंत पडला तर सगळी गाडी सलिमाची. नाही तर तिच्या गाद्या काढून बाहेरून आणलेल्या तयार सीटा बसणार.

आणि आता हे लोंबते पाय.

"माप तर बरोबर दिलं होतं," अनुजा कपाळाला हात लावून म्हणाली.

"माप बरोबरच हाय. हात चुकला. ट्रॅक्टरवाला ढेकळातनं आदळत जातोय, तवा गादी दबती. म्हनून आम्ही भरतानाच चार बोटं जास्त भरतो. सवयीनं भरत गेलो बघा. रेल्वे तेवढी आदळत न्हाय, हे ध्यानातच आलं न्हाय."

"मीही मधे येऊन बघायला हवं होतं. उसवता येईल?"

"रेक्झिन हाय, मॅडम. उसवलं की सुईची भोकं तशीच दिसत्यात. चाळणी हुईल."

नवं रेक्झिन येईपर्यंत थांबायला सवड नव्हती. परवा रेल्वेचे साहेब डबा बघायला येणार होते.

दुकानात परतून सलिमा नुसती बसून राहिली. दाराशी नमुन्याची एक गादी मांडलेली होती. समोरच्या घरातल्या आक्का सुपात घेवड्याच्या शेंगा घेऊन आल्या, गादीवर टेकल्या, पाय वर ओढले, ऐसपैस मांडी घातली, सूप मांडीवर घेतलं आणि शेंगा मोडायला लागल्या.

"का गं, तोंड का पाडलंयस?"

सलिमा त्यांच्या मांडीकडे बघत होती. "आक्का, पाय खाली सोडून का न्हाय बसलीस?"

"पाय सोडून बसाया मी काय दवाखान्यात आलोय?"

सलिमा उठलीच. "आक्का, परवा रेल्वेत बसाया येतीस? गल्लीतल्या समद्यांना घे. आन् जेवणाचं डबं भरून आना."

तिसऱ्या दिवशी साहेब डब्यात चढले, तेव्हा मंगळवार पेठ आधीच चढून बसली होती. सगळ्या बायका मांडी घालून, चपला खाली ओळीत. मधे भाकरी, खर्डा, पिठलं. रुंद, उंच गादीवर जोत्यावर बसावं तशा समोरासमोर गप्पा आणि मांडीवरून थेट खिडकीबाहेर नजर. अनुजा दारातच थांबली. "अरे, यांना पंगत हवी होती," ती पुटपुटली.

"या पावणं, टेका," आक्का साहेबांना म्हणाल्या. "सरका गं जरा."

साहेब बसले. पोट मोठं, गुडघे आखडलेले, मांडी काही जमेना. पाय लोंबले.

"अगं बया! पावण्याचं पाय पोचंनात की!"

डब्यात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "ज्यांना मांडी येत नाही त्यांचं काय?" त्यांनी विचारलं. त्यांचं चूक नव्हतं.

अनुजा पुढं झाली. साहेबांच्या पायाखाली वाकून तिनं हात आडवा धरला. "इथं एक पाइप आडवा घालता येईल. पाय ठेवायला."

"ट्रकला अस्तोय तसा!" सलिमा खाली उभ्या अमीनकडे बघून ओरडली. "अवो, हाय न्हवं आपल्याकडं?"

अमीन पळत जाऊन पाइपचा तुकडा घेऊन आला. त्यानं एका बाजूनं, अनुजानं दुसऱ्या बाजूनं धरला. साहेबांनी पाय ठेवले, पाठ टेकली, खिडकीबाहेर बघितलं. आक्कांनी हातावर भाकरी ठेवली, वर खर्डा. साहेबांनी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते खर्ड्यानं.

"पाइप सगळीकडे बसवा," ते हुसहुस करत म्हणाले. "आणि बाकीचे डबेही असेच भरा."

"असंच म्हंजी उंच?" सलिमानं खात्री करून घेतली.

"उंच! पाणी द्या आधी!"

गाडी सुटली त्या दिवशी कोल्हापूर फलाटावर लोटलं होतं. हलगी वाजत होती. पंचगंगेचा पूल आला तसा अख्खा डबा मांडीवरूनच खिडकीकडे वळला आणि एकच ओरडा झाला. पलीकडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर धडधडत चालला होता. सलिमानं त्याच्याकडे बघून हात केला.

ती मात्र उभी होती. मांडी घातली की एक माणूस दोघांची जागा अडवतो, हा हिशेब तिनं आणि अनुजानं, दोघींनीही केलाच नव्हता.

"अगं, ये की, बस!" आक्का ओरडल्या, पण तसूभरही सरकल्या नाहीत.

"बसा, बसा," सलिमा दांडीला धरून म्हणाली. आणि स्वतः भरलेल्या गाद्या बघत, जयसिंगपूरपर्यंत उभ्यानं गेली.