पिस्तूल खाली मारतंय

नेमबाजीच्या रेंजवर पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या कानी रोज एकच रडगाणं यायचं, "काका, पिस्तूल खाली मारतंय हो!" पिस्तूल कधी चुकत नाही, धरणारा चुकतो, हे काकांचं ठाम मत. म्हणून त्यांनी घरी बसून दारू नसलेल्या चार खोट्या गोळ्या घडवल्या होत्या. तक्रार आली, की खऱ्या गोळ्यांत एक खोटी गुपचूप सरकवायची. तिची पाळी आली की बार होत नसे, पण धक्क्याच्या धास्तीने गड्याचा हात असा खचे की नळी जमिनीला दंडवत घाली.

"पिस्तूल तर गप्प आहे, मग नाचलं कोण?" काका विचारत, आणि अख्खी रेंज खिदळे.

पुढे काकांच्याच गोळ्या खाली जायला लागल्या. त्यांनी स्प्रिंग बदलली, नळी घासली, पिस्तूल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गोळ्या विकण्याच्या खिडकीत बसणाऱ्या काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मुकाट्याने मॅगझिन भरून दिलं.

दोन बार झाले. तिसऱ्याला नुसतं टिक वाजलं, आणि काकांच्या नळीने साष्टांग नमस्कार घातला.

"अहो," काकू म्हणाल्या, "पिस्तूल तर गप्प आहे."

काकांनी आपल्याच हातची ती गोळी बाहेर काढली, डोळे बारीक करून न्याहाळली आणि खिडकीत आपटली.

"ह्या कंपनीचा माल पुन्हा घेऊ नकोस!"