बिरड्याचा रोजा

शालोमकाकांचं बोट पुस्तकातल्या एका ओळीवर थांबलं.

यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकात आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, उपास धरतो आणि तो वालाच्या बिरड्यावर सोडतो, म्हणून तो बिरड्याचा रोजा. त्याआधीच्या शनिवारी तोराची, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडायला दहा पुरुष लागतात. गावात पुरुष उरलोय आम्ही दोघं, काका आणि मी, म्हणून त्या शनिवारी छापील पुस्तकातूनच वाचत होतो. ज्या यरुशलेमसाठी रडायचं, तिकडेच बाकीचे गेले. फोनवरच्या ग्रुपात चाळीस जण आहेत, पण ते मोजणीत धरत नाहीत.

त्या ओळीत मोशे लोकांना विचारतो, मी एकटा तुमचा भार कसा वाहू?

"त्याचं बरं होतं रे," काका म्हणाले. "विचारायला समोर लोक तरी होते."

रोज्याच्या दुपारी काकू मोड आलेले वाल सोलत होत्या. ढीग बघून मी म्हटलं, "एवढे?"

"पोरं गेली, हे हातांना अजून कळत नाही रे."